चौदा दिवस फुकट

अकरा फूट बाय साडेचार.
कन्नमवार नगर, तळमजला, मागची बाजू.
एवढ्याशा पट्टीसाठी हेझल तुस्कानोनं
माझ्या कॉम्प्युटरवर तीन सॉफ्टवेअर चढवून दिली.
म्हणाली, अंकल, चौदा दिवस फुकट. मग ठरवा.

पहिल्यानं विचारलं, लॉन किती एकर?
शून्य टाकलं. चालत नाही म्हणालं.
शून्य पूर्णांक शून्य शून्य एक टाकलं
तर हिरव्यागार पटावर एक ठिपका आला.
मला वाटलं चिलट बसलंय,
पुसायला गेलो.

दुसऱ्यात झाडं चार हजार.
लॅव्हेंडरच सत्तावीस तऱ्हेची.
तगर शोधली, नाही. अनंत, नाही.
ओवा लिहिला तर म्हणे,
तुम्हाला ओक म्हणायचंय का?
शरयू मागं उभी राहून वाचत होती, हातात तांदळाचं धुवण.
म्हणाली, हो म्हणा की, बघू कुठं मावतोय.
मावला. हेझलच्या खिडकीतून आत गेला
आणि तिसऱ्या मजल्यावर फांद्या पसरून बसला.

ऊन मात्र झकास दाखवतं.
अक्षांश, तारीख, वेळ दिली की सावली सरकते.
फक्त समोरच्या तेवीस मजल्यांची त्याला खबर नव्हती.
आमच्याकडे ऊन दहा चाळीसला येतं,
सव्वाअकराला निघून जातं, दिवा विसरल्यासारखं कुणी बंद करतं.
मी ते तेवीस मजले एकेक करून बांधले.
एका दुपारीत. कुठलीही परवानगी न घेता.

एकतीस वर्षं मी महापालिकेत गटारांचे नकाशे काढले.
ट्रेसिंग पेपरवर, शाईनं;
रेघ चुकली तर ब्लेडनं खरवडायची, श्वास रोखून.
त्यामुळे मला माहीत आहे,
या पट्टीखाली दोन फुटांवर सहा इंची पाइप आहे,
उतार साठाला एक,
वर विटांचे तुकडे, फुटकी फरशी,
आणि कुणाच्या तरी कपाटाची बिजागरी.
सॉफ्टवेअर माती तपकिरी दाखवतं.
एकच तपकिरी, पार तळापर्यंत.

रविवारी सोसायटीची सभा. पुनर्विकास.
बिल्डरचा माणूस पुस्तिका वाटून गेला,
इतकी गुळगुळीत की बोटं उमटत होती.
सातव्या मजल्यावर बाग.
बागेत हॅट घातलेली बाई, पांढरी पँट, शेजारी तांबडा कुत्रा.
मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
ही तर आपली, दुसऱ्या सॉफ्टवेअरमधली!
'माणसं' उघडलं की चौथी.
परवाच तिला उचलून बाहेर ठेवली होती,
पट्टीत कुत्र्यासकट बसेना म्हणून.
बिचारीला लगेच काम मिळालं.

सेक्रेटरी घडशींनी विचारलं, कुणाला काही शंका?
मी म्हटलं, पाइप कुठून जाणार?
ते म्हणाले, काका, ते नंतर.
टाळ्या आधी झाल्या, चहा मागून आला.

चौदाव्या दिवशी तिसरं विकत घेतलं.
दिसायला सगळ्यात दरिद्री;
झाड म्हणजे नुसतं वर्तुळ, माणूस नाहीच.
पण कोरे थर देतं, हवे तेवढे,
नाव आपण घालायचं.
बाराशे चाळीस रुपये हेझलनं फोनवरून भरले,
मी तिला रोख मोजून दिले, तिला हसू आलं.
वरचा थर: ऊन, पस्तीस मिनिटं.
मधला: शरयूची ये-जा.
तळाचा: पाइप. त्याला मी लाल रंग दिला, खात्यात द्यायचो तोच.

आणि तेव्हा दिसलं,
मी निवड करत बसलो होतो त्या दिवसांत
तिनं कढीपत्ता लावून टाकलाय,
नेमका पाइपच्या जोडावर.
तिला हाक मारणार होतो.
आधी हिशेब मांडला, सवयीनं:
मूळ जोडापाशी पोचायला पाच वर्षं.
इमारत तिसऱ्या वर्षी पाडणार.

हाक मारली नाही.
तिथं एक वर्तुळ काढलं,
आणि फाइल सेव्ह केली.